देवीपासूनही झाकलेला आजार

गेल्या वर्षी रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात मला एकदम दोन आजार सांगितले: एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी. दोन्हींवर मिळून रोज एक गोळी, तीही जन्मभर. घरी मी फक्त 'कावीळ' एवढंच बोलले. नवरा मुंबईत वारल्यापासून मी थोरल्या जाऊबाईंच्या आधाराने राहते. एचआयव्हीचं नाव कळलं तर हे घरही जाईल, या धास्तीने जेवण गोड लागत नव्हतं.

आमच्याकडे कावीळ म्हटली की झाडपाल्याचं औषध आलंच. जाऊबाईंनी मायेपोटी ते वैदूकडून आणलं. अट एकच, बाकी सगळी औषधं बंद. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, हो म्हणावं तर गोळी सुटणार. इकडे आड, तिकडे विहीर! शेवटी 'आधी कौल लावते' म्हणून वेळ काढला.

ग्रामदेवीच्या देवळात गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: काविळीवर पाल्याचं औषध घ्यावं का? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही हलेना. पुन्हा गाऱ्हाणं घातलं, तरी तेच. मागे बसलेली एक अनोळखी म्हातारी हळूच म्हणाली, "बाय गो, कायतरी पोटात ठेवून इचारतेस. सगला सांग तिला. ती काय बाहेर बोलायची नाय."

मला रडूच फुटलं. देवीलाही मी अर्धंच सांगत होते. डोळे मिटून मनातल्या मनात दोन्ही आजारांची नावं घेतली आणि विचारलं, आई, माझी गोळी सोडू का? डोळे उघडले तेव्हा डावी पाकळी खाली पडली होती. वाऱ्याने पडली म्हणा हवं तर, मी वाद घालणार नाही.

तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला. सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. तीच गोळी हिपॅटायटिसलाही दाबून ठेवते, अचानक सोडली तर तो उसळून जिवावर बेतू शकतो, असं त्यांनी समजावलं. थोडक्यात वाचले, या विचाराने परतताना अंगावर काटा येत होता.

घरी येऊन जाऊबाईंना दुसऱ्या आजाराचं नाव सांगितलं. भार देवावर टाकायचा तर तो आधी उघडून दाखवावा लागतो, एवढंच मला त्या दिवशी कळलं होतं. जाऊबाई उठल्या, पाल्याचं औषध परसात ओतून आल्या आणि म्हणाल्या, "मग आजची गोली घेतलीस काय गो?"

तेव्हापासून रोज जेवण झालं की त्याच विचारतात. देवीकडे आणखी काय मागू?