आप्पांना बाहेर बसवलं तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी सुरतेतल्या उधन्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो. रविवारी क्लास बंद आणि चावी माझ्याकडे. कोणीतरी एक सीडी आणून दिली होती, फुटबॉलची टीम सांभाळायचा खेळ. त्यात चेंडू दिसायचाही नाही, नुसते आकडे. प्रत्येक खेळाडूला वेग, दम, पास, धीर असे बरेच गुण आणि दर गुणाला वीसपैकी मार्क. नावं आणि मार्क बदलायची सोयही होती. मग काय, इंग्लंडातल्या सगळ्यात खालच्या एका क्लबात मी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अख्खा कारखाना भरला.

आम्ही मूळचे खानदेशातले, राहायला नवागामला. आप्पा कापडाच्या कारखान्यात आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. तिथे माणसाची पारख एकाच गोष्टीवर, किती मीटर कापड काढतो. मीही तीच पारख लावली. सगळ्यांना दम वीस, मेहनत वीस आणि पासला तीन, कारण लूमवर कोणी कोणाला काही देत नाही, जो तो आपल्या मशीनपाशी. पहिल्याच सामन्यात आम्ही सहा गोल खाल्ले. अकराच्या अकरा जण नव्वद मिनिटं जीव तोडून पळाले आणि चेंडू कोणी कोणाला दिलाच नाही. मी असा गधडा की आठवडाभर खेळालाच शिव्या देत होतो.

पुढे अक्कल आली. दम थोडा काढला, पासला घातला. टीम जिंकायला लागली. एक गोष्ट मात्र मला जमत नव्हती. दर सामन्यानंतर खेळाडू थकायचे, त्यांच्या नावापुढचा टक्का खाली यायचा, त्यांना आलटून पालटून बसवावं लागायचं. आप्पांना मी एकदाही बसवलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आप्पांना खोकला लागला. अंगात बारीक ताप. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस कापसाच्या धुळीत जायचं नाही. आप्पा ऐकतील तर शपथ. लूम सोडली की तिथे बदलीचा माणूस उभा राहतो आणि आठ दिवसांत मशीनं त्याच्या हाताला लागतात, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक. आप्पांनी अंगावर ताप काढला, पण बदली दिली नाही. ते खोकत राहायचे. मला एवढंच हवं होतं की या माणसाने आठ दिवस घरी पडून राहावं.

म्हणून एका रविवारी मी त्यांना क्लासवर नेलं. लूमच्या आवाजाने त्यांना ऐकू कमी यायचं, मी कानाशी तोंड नेऊन सांगत होतो. हे तुम्ही. हा तुमचा टक्का, एकसष्ट. आता तुम्हाला दोन सामने बसवतो.

"माले बाहेर बसाडू नको," ते लगेच म्हणाले.

मी बसवलं. दोन सामने झाले, टक्का चढला, त्यांना परत आत घेतलं, आणि माझं नशीब असं की त्याच सामन्यात त्यांनी गोल केला. आप्पा लहान पोरासारखे हसले. मी म्हणालो, "बघा, जागा कुठे जात नाही." ते वाक्य परत घेता आलं असतं तर आणखी काय हवं होतं.

आप्पा माझं ऐकून आठ दिवस घरी राहिले. नवव्या दिवशी गेले तर आठही लूमवर बदलीवाला. शेठ म्हणाले, "काका, अब आराम करो." ज्याने तो खेळ बनवला त्याने बसलेल्या माणसाची जागा राखून ठेवली होती. कारखाना त्याने बनवला नव्हता. आणखी दोन ठिकाणी आप्पा विचारून आले. खोकला ऐकून कोणी उभं केलं नाही. महिन्याभरात आई आणि ते गावी गेले, मी नोकरीसाठी सुरतेत राहिलो.

गावच्या हवेत खोकला गेला. मी मागितलं ते मिळालं होतं आणि मला करमत नव्हतं. सकाळी चहा करताना मी आप्पांचाही कप काढायचो. ते पाळीवरून येण्याच्या वेळेला दाराकडे बघायचो. मला ते बरे हवे होते, पण इथे हवे होते, माझ्यासमोर, जोरजोरात बोलणारे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते, तब्येत चांगली भरली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "तुना त्या खेळमा मना जागावर आते कोन शे?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि खरं ते सांगितलं. "कोणी नाही. मी दहाच जण उतरवतो."

"येडा शे का तू," आप्पा चिडले. "बदली दे."