पालीची शेपटी आणि माझं ‘हो’

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाला सांगायचं धाडस माझ्यात कधीच नव्हतं.

पालींपासून सुरुवात करते, ते सोपं आहे.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. मी चेन्नईत प्राणिशास्त्रात संशोधन करत होते. आमचं तंजावरी मराठी घर मैलापूरला. मुलगी दिवसभर पालींमध्ये असते हे माझी आई नातेवाइकांना सांगायची नाही. ‘कॉलेजात शिकवते’ म्हणायची. पालीची शेपटी पकडली की ती शेपूट टाकून पळते, हे तुम्ही पाहिलं असेल. पुढचं आम्ही पाहायचो. शेपटी परत येते, पण तशीच येत नाही. आत मणके नसतात, नुसती कूर्चेची एक नळी असते. आणि पाल आपली चरबी शेपटीतच साठवते, म्हणजे शेपूट गेली की शिदोरीच गेली. मग अशा पालीला खायला कमी मिळालं तर ती काय करेल? आधी अंग सांभाळेल, की शेपटी वाढवेल?

हा प्रश्न माझा नव्हता. मलरचा होता.

मलर माझ्याबरोबरच संशोधनाला लागली होती. आवडी नावाच्या उपनगरातून लोकलने यायची, डब्यात लिंबूभात आणायची आणि त्यातला अर्धा मला द्यायची. तिच्या पालींनी विलक्षण उत्तर दिलं होतं. अर्धपोटी पाली वाळल्या, बरगड्या दिसायला लागल्या, तरी शेपटी त्यांनी पुरती वाढवली. आमचे मार्गदर्शक सर खूश झाले. पण छापायला पाठवण्याआधी ते म्हणाले, “सुलू, तू हेच पुन्हा करून बघ. वेगळ्या पाली घे.”

मला राग आला का तेव्हा? आला असावा. तिच्या कामाची मी तपासनीस — असं काहीतरी मनात आलं होतं. पण त्याचा आडोसा मी घेणार नाही, कारण पुढे जे केलं ते रागाने केलं नाही.

शेपूट फुटण्याचे नेमके दिवस होते आणि पोंगलची सुट्टी लागली. अर्धपोटी म्हणजे थोडं खाणं, पण रोज; काचेवर पाण्याचा शिडकावा, तोही रोज. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती. मी घरीच होते. घरात लग्न नव्हतं, आजारपण नव्हतं. बस दारावरून जायची. मी गेले नाही. आज कंटाळा, उद्या पाहुणे, परवा — आता एवढे दिवस गेलेच आहेत तर... असं करत आठवडा उलटला. परत गेले तेव्हा पाली काचेला चिकटून निपचित होत्या. मेली एकही नाही, पाल चिवट असते. मी घाईघाईने रातकिडे टाकले, पाणी शिंपडलं आणि गप्प बसले.

त्यांच्या शेपट्या खुंटल्या. नुसती टोकं राहिली.

सरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. “एकीचं काहीतरी चुकलंय,” ते म्हणाले. मलर माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात संशय नव्हता, हे मला नीट आठवतं.

“सुलू, सुट्टीत रोज जात होतीस ना?”

“हो,” मी म्हणाले. “रोज.”

तिने आपली मोजमापांची वही मिटली. मग सरांना म्हणाली, “मग माझंच चुकलं असेल, सर. मोजताना.”

तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तेव्हा बोलायला किती वेळ लागला असता? मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्याले.

लेख गेला नाही. सर तिला ओरडले नाहीत, फक्त तिचं प्रत्येक मोजमाप दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लागले. ती एकेक शेपूट तीन-तीनदा मोजायची, तरी तिची खात्री व्हायची नाही. वर्ष संपायच्या आत तिने संशोधन सोडलं. ती गेल्यावर मी तोच प्रयोग पुन्हा केला, या वेळी एकही दिवस न चुकवता. अर्धपोटी पालींना शेपट्या आल्या. पुरत्या लांब. हेही मी कुणाला सांगितलं नाही. प्रबंध वेगळ्याच विषयावर लिहिला, पदवी घेतली, नोकरीला लागले.

काही वर्षांनी चेन्नईतल्याच जॉर्ज टाउनच्या बाजारात ती भेटली, प्रयोगशाळेचं काचसामान विकणाऱ्या दुकानात. मी कॉलेजसाठी गेले होते, ती शाळेसाठी. आवडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. बरोबर छोटी मुलगी होती. मलरने मला मिठीच मारली, मग मुलीला म्हणाली, “या सुलू आंटी. माझी चूक यांनीच पकडली होती.” आणि हसत मला म्हणाली, “वर्गात दर वर्षी सांगते मी ते. आपल्याला आवडलं म्हणून उत्तर खरं होत नाही, हे मी तुझ्याकडून शिकले.”

दुकानदार परीक्षानळ्या कागदात गुंडाळत होता. तिची मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी काय केलं? मुलीच्या गालाला हात लावला, कितवीत आहेस म्हणून विचारलं. मग आम्ही तिघींनी कोपऱ्यावर कॉफी घेतली. मलरने फोन नंबर दिला. तो अजून माझ्याकडे आहे, आणि तो मी कधीही लावलेला नाही.

आता हे सगळं लिहिलं. तमिळमध्ये लिहिता आलं असतं, इंग्रजीत तर रोजच लिहिते. मराठीत लिहिलं, कारण मलरला मराठी वाचता येत नाही.