ओताकरच्या पटावर यार्मिला

ओताकर कुबात ताबोरच्या इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होता, आणि रविवारी सकाळी त्याची बायको यार्मिला सोबेस्लाव्हच्या बिअरखान्यात त्याच्या बुद्धिबळाच्या पटासमोर बसली होती. त्याच्या संघाला आठवा खेळाडू मिळत नव्हता. ओताकरनेच तिला पाठवलं होतं. "जा. नुसती रडत बसतेस इथं."

ताबोरची बस बारा वाजता. पुढची थेट संध्याकाळी.

समोर दातांचे डॉक्टर श्पिंडलर. चौथ्याच चालीला त्यांचा घोडा तिच्या राजाच्या अंगणात उतरला. घोड्याच्या माऱ्यातलं प्यादं वाचवावं तर डाव दुपारपर्यंत रेंगाळणार. यार्मिलाने ते वाचवलंच नाही, उंट बाहेर काढला. आपल्याच मुलखातल्या एका पाद्र्याने शोधलेला हा उलटा हल्ला ओताकरचा जीव की प्राण होता. आर नाहीतर पार, पण लवकर.

डॉक्टर हसले. "बाई, नवऱ्याचं वेड तुम्हालाही लागलं की!" त्यांच्या घोड्याने प्यादं खाल्लं, वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम डोळा ठेवला. यार्मिलाने उंट फेकला. शह! राजाने उंट खाल्ला. मग तिचा घोडा, मागोमाग वजीर. डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांचा राजा दोन घरांत येरझारा घालू लागला, ती शहावर शह देत राहिली. याच्या पुढचं तिला काही दिसेना.

पावणेबारा वाजले. "बरोबरी?" डॉक्टरांनी घाम पुसत विचारलं.

बाकीचे सगळे डाव संपले होते. हा जिंकला तरच संघ या गटात टिकणार होता. कप्तान व्होंद्राचेक दाराशी डोकं धरून उभा होता.

"बरोबरी," म्हणत तिने कोट उचलला.

"वहिनी, अहो, राजा उघडा पडलाय त्याचा!" व्होंद्राचेक ओरडला. "बुडवलंत आम्हाला!"

ती धावतच सुटली.

ती इस्पितळात पोचली तेव्हा ओताकरचे ओठ सुकून गेले होते. "काय झालं?"

तिने एकेक चाल सांगितली. तो डोळे मिटून ऐकत होता. बरोबरीशी आल्यावर त्याने मान हलवली.

"जिंकत होतीस गं."

"कशी?"

त्याला दम लागला. "शह द्यायचा नव्हता. कोपऱ्यातला हत्ती... आणायचा... मधे."

"मला बस गाठायची होती, मेल्या!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की नर्स आत डोकावली. मग तिने त्याच्या पांघरुणात तोंड खुपसलं. त्याचा हात तिच्या केसांपर्यंत पोचायला फार वेळ लागला.

बुधवारी तो गेला. संघ खालच्या गटात घसरला. व्होंद्राचेक अंत्यविधीला आला, पण तिच्याशी बोलला नाही.