ठसका

पोरीची निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. आमच्या ह्यांनी फोन घेतला, दोन-तीनदा "हो सर, हो सर" म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं. हे फोनवर हसले की मला आधी तसंच वाटतं.

लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. शाळेमागच्या पडीत जागेत कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या रोवून पोरापोरींनी गोलपोस्ट केले होते, तिथे ती फुटबॉल खेळायला शिकली. मग एका मोठ्या क्लबची माणसं यवतमाळला आली. त्यांनी आसपासच्या शाळांतल्या पोरी पळवून पाहिल्या, खेळवून पाहिल्या, आणि आमच्या बाजूची ही एकटी उचलली. आता आठ दिवस त्यांच्या अकादमीत जायचं, दूर, समुद्राकाठच्या एका शहरात. तिथे पुन्हा बघणार. आवडली तर ठेवून घेणार. मग शाळा तिथेच, जेवण तिथेच, खेळ तिथेच आणि घरी फक्त दिवाळीत आणि उन्हाळ्यात.

"अवं, तुलेच जा लागते," हे म्हणाले. "पोरींच्या होस्टेलात माणसाले घेत नाही. एक बाई सोबत पाह्यजे म्हणते."

"मले नाही जमत."

"काय जमत नाही? बसाचं आन् पाह्याचं."

"कोणी काही विचारलं तं?"

"तं सांगाचं."

"काय सांगाचं?"

"आता ते विचारतीन तवा ठरव ना! इथूनच उत्तर बांधून नेतं का?"

ह्यांची काळी-पिवळी जीप कळंब ते यवतमाळ चालते. दिवसभर बोलण्याची सवय. माझं तसं नाही. दुकानात गेले तरी मी बोटाने दाखवते. अनोळखी माणसाने नाव विचारलं तर ह्यांच्याकडे बघते.

निघायच्या दिवशी लेक खेळायच्या कपड्यांत अंगणात उभी होती. शेजारीण कुंपणाशी आली.

"काय वो वयनी, पोरीले आत्तापासूनच सासरी धाडून राह्यली का?"

मी हसल्यासारखं केलं. तिने लेकीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "काय पाय हायेत व माय पोरीचे! हरणीचेच जसे."

मी घरात गेले आणि एका फडक्यात मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या बांधून घेतल्या. काडेपेटी आणि घरचा थोडा कापूसही घेतला. का घेतला ते लेकीला सांगितलं नाही. ती हसली असती.

दृष्ट काढायला मला सासूने शिकवलं. मीठ-मोहरी आणि मिरच्या मुठीत घ्यायच्या, लेकरावरून ओवाळायच्या आणि विस्तवात टाकायच्या. ठसका लागला, शिंका आल्या, डोळ्यांत पाणी आलं तर समजायचं, लेकरावर काही नाही. मिरच्या जळून गेल्या आणि वासच आला नाही तर कोणाची तरी नजर खरंच बसली होती. आणि एकदा मूठ उचलली की राख बाहेर टाकून हातपाय धुवेपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. लेक दोन वर्षांची असताना तापाने फणफणली होती, तेव्हा चुलीत मूठभर मिरच्या जळाल्या आणि घरात कोणाला साधी शिंकही आली नाही. ती वाचली, पण त्या दिवसापासून मला दृष्ट काढायची भीती वाटते आणि न काढायचीही.

कळंबला चिंतामणी गणपतीसमोर नारळ फोडला, वर्ध्यापर्यंत बसने गेलो आणि तिथून रेल्वे. रेल्वेत मी लेकीच्या बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून बसले होते. ती म्हणाली, "आई, बॅग कुठं पळून नाही चालली." मला बॅगेची काळजी नव्हती.

अकादमीत पहिल्याच दिवशी सगळ्या आयांना खुर्च्यांवर बसवलं. होस्टेलच्या मॅडम उंच, केस कापलेल्या, हिंदीत भराभर बोलणाऱ्या. त्यांनी नियम सांगितले. मोबाइल कधी, जेवण कधी, भेटायचं कुठे. मग त्या थांबल्या आणि सावकाश म्हणाल्या, "कमरे में आग नहीं. अगरबत्ती नहीं, मच्छर की कॉइल नहीं, कुछ नहीं. पिछले साल एक लड़की को इसी बात पर घर भेजा है."

माझा हात आपोआप पिशवीवर गेला. बाजूच्या खुर्चीवरची बाई मला बघून हसली. तिला वाटलं असेल, मी पैसे चाचपते आहे.

मैदान एवढं हिरवं होतं की मी चप्पल काढूनच त्याच्या कडेला बसले. आम्ही आया पायऱ्यांवर बसायचो. बाकीच्या आपसात बोलायच्या, मी फक्त लेकीकडे पाहायचे. पहिले काही दिवस ती छान खेळली. बॉल तिच्या पायाजवळ आला की निवड करणारे मोठे सर मान पुढे करून पाहायचे, ते मला इतक्या लांबूनही कळायचं. तेव्हा मला दोन्ही भीती एकदम वाटायच्या. हिला घेतलं नाही तर ही आतून मोडेल. घेतलं तर मी एकटी परत जाईन आणि ही इथे, या उंच भिंतींच्या आत, ज्यांच्याशी मला एक शब्द बोलता येत नाही अशा लोकांत.

मग ती पडायला लागली.

कोणी धक्का दिला नाही, काही नाही. पळता पळताच पाय अडकायचा आणि ती तोंडावर पडायची. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. ती लंगडत खोलीत आली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून पलंगावर बसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"लय दुखते का?"

"दुखत नाही."

"मग काहून रडून राह्यली?"

"उद्या शेवटची मॅच हाय ना आई. उद्याच ठरवते ते."

माझ्या डोळ्यांपुढे शेजारीण उभी राहिली. हरणीचेच जसे. मी पिशवीतून फडकं काढलं.

"आई, नको," लेक वळून म्हणाली. "इथं नको. घरी पाठवतीन मले."

"खोलीत नाही जाळत. बाहेर जाळतो."

"अवं आई!"

पण मी मूठ उचलली होती. आता बोलणं संपलं. बाहेर दिवेलागण झाली होती, दृष्ट काढायची हीच वेळ. मी तिच्या डोक्यावरून पायापर्यंत ओवाळलं, सुजलेल्या गुडघ्यावरून जास्त वेळा. तिच्या डोळ्यांत राग होता, पण तिने पाय पुढे केला.

व्हरांड्याच्या टोकाला कपडे वाळवायची जागा होती. एका बाजूने जाळी, वारा येणारी. मला ती बाहेरचीच वाटली. मी जेवायची ताटली खाली ठेवली, कापसाला खोबरेल तेल लावलं, काडी ओढली आणि मूठ सोडली. वर छताला पांढरी वाटी उपडी चिकटवावी तसं काहीतरी होतं. मी त्याला दिवा समजले होते.

मिरच्यांनी पेट घेतला आणि ती वाटी ओरडायला लागली.

तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एक ओरडली, मग सगळ्या इमारतीत ओरडल्या. खोल्यांची दारं धडाधड उघडली. पोरी, आया, स्वयंपाकाच्या बाया, सगळ्या जिन्याकडे धावल्या. ताटली तिथेच टाकून पळावं असं वाटलं. पण अर्ध्यात सोडलेली दृष्ट लेकरावर उलटते, असं सासू म्हणायची. मी पदराने ताटली धरली आणि धूर सोडत तशीच जिना उतरले.

खाली मैदानाच्या कडेला सगळ्या पोरी रांगा करून उभ्या होत्या. मॅडम डोकी मोजत होत्या. त्यांनी मला पाहिलं.

"ये क्या है? आपके हाथ में क्या है?"

मी बोलले नाही. बोलता येणार नव्हतं. त्यांच्या समोरून पुढे गेले.

"सुनिए! मैं आपसे पूछ रही हूं!"

मोठे सर ऑफिसमधून धावत आले होते. ते माझ्या वाटेत उभे राहिले. मी खाली मान घालून त्यांना वळसा घातला. चौकीदार मागे "ओ मौसी, ओ मौसी" करत येत होता. आयुष्यभर मी लाजून गप्प बसले, पण एवढ्या लोकांसमोर मुद्दाम गप्प बसायची वेळ पहिल्यांदाच आली. मागे लेक कुठे उभी आहे तेही पाहता येत नव्हतं. फाटकाजवळ झाडाखाली मी राख टाकली, नळावर ताटली धुतली, हात धुतले, पाय धुतले. मग वळले.

तेव्हा मला ऐकू आलं. सगळे खोकत होते. पोरी वाकून वाकून खोकत होत्या, आया पदर नाकाला लावून शिंकत होत्या, चौकीदार डोळे चोळत होता. मोठ्या सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तेही दोनदा शिंकले.

एवढा ठसका मी जन्मात पाहिला नव्हता. लेकीवर काहीच नव्हतं. मनात एकच आलं, काहीच नाही, माझ्या पोरीवर काहीच नाही.

मी सरांसमोर गेले. लेक रांगेच्या टोकाला एका पायावर भार देऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मेरी लड़की की कुछ गलती नहीं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "वो नको बोल रही थी. मैंने किया."

"आग क्यों लगाई?"

"आग नहीं. नजर उतारी. उसके पैर की."

मग रांगेतून एक पोरगी शिंकली आणि दुसरी हसली.

"मेरे को घर भेजो," मी म्हणाले. "उसको मत भेजो."

"आप तो वैसे भी परसों जा रही हैं," सर म्हणाले.

आता सगळ्याच पोरी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "माचिस." मी काडेपेटी त्यांच्या हातावर ठेवली. "कल सुबह बात करेंगे," त्या म्हणाल्या.

सकाळी लेकीला पाय तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, मग तिचे बूट हातात घेतले. घरी ही अनवाणी नाहीतर कापडी बुटात खेळलेली. इथेही आधी तेच कापडी घातले, मग खालून खुंट्या असलेले बूट मिळाले, तेही एक माप मोठे. खुंट्या गवतात अडकत होत्या. म्हणून पडत होती. बूट बदला, दोन दिवस पळू नका, बस्स. शेवटच्या मॅचला लेक माझ्याशेजारी पायऱ्यांवर बसली. मला वाटलं, संपलं. बुटाने मारलं आणि उरलेलं मी मारलं.

संध्याकाळी नावं वाचली. तिचं नाव आलं. पहिल्या दिवसांचा खेळ त्यांनी धरला होता. ती उडी मारायला उठली, गुडघ्याची आठवण झाली आणि मला धरून खाली बसली. आगीचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना मॅडमनी काडेपेटी परत दिली, फाटकाच्या बाहेर उभं करून.

"आई, नीट जाजो," लेक म्हणाली. "कोणाले विचारून विचारून जाजो."

रेल्वेत माझ्या हाताला गुंडाळायला पट्टा नव्हता.

आता दर रविवारी दिवेलागणीला ती व्हिडिओ कॉल करते. पहिल्या महिन्यात तिने स्वतःच म्हटलं, "आई, काढून टाक ना. मॅच हाय उद्या." मी फोन डब्याला टेकवून उभा ठेवते, तिच्या चेहऱ्यावरून मूठ ओवाळते आणि चुलीत टाकते. मी बोलत नाही, तीच बोलते. मागून दुसऱ्या पोरी ओरडतात, "आंटी, हमारा भी!" मग ठसका उठतो, हे दारातून खोकत ओरडतात, "पुरे कर वो, गाडीतलं गिऱ्हाईक पळते माह्यं!" आणि ती तिकडे हसते.

मागच्या रविवारी मिरच्या जळाल्या आणि ठसका आला नाही. मी चुलीत वाकून पाहिलं. मिरच्या काळ्या झाल्या होत्या. वास नव्हता. फोनमध्ये लेक बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"आई? आला का?"

मी पदर तोंडाला लावला आणि जोरात खोकले. पुन्हा खोकले. डोळे पुसले. ती हसली, "झालं तं मग," म्हणाली आणि जेवायला गेली.

मिरच्या जुन्या होत्या. पावसात डबा उघडा राहिला होता, सादळल्या असतील. डब्यातल्या उरलेल्या मी दुसऱ्याच दिवशी अंगणात वाळत घातल्या. रविवारला अजून अवकाश आहे.