बेडूक, समुद्री शेर आणि बाबांचं मीठ

बाबांच्या किडनीनं दगा दिला आणि डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं. झालं, कुरखेड्याच्या आमच्या घरात युद्ध पेटलं. आईनं मिठाचा डबा लपवला. बाबा दोन घास खायचे, ताट सरकवायचे. "हे जेवण हाय का ढोराचं आंबोण?" सदरा त्यांना दिवसेंदिवस ढगळ व्हायला लागला. आईला रडू यायचं, मला राग यायचा. एवढा मोठा माणूस, ताटावर रुसतो म्हणजे काय!

एका दुपारी टीव्हीवर हिंदी कार्यक्रमात समुद्री शेर, म्हणजे सी लायन, दाखवत होते.

"शेर म्हंते, अन् पाय कुठी हायेत याचे?" बाबांनी विचारलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे गप्प बसवत नाही. म्हटलं, ते वल्ह्यांसारखे दिसतात ना, तेच पाय. त्यांवर रेलून खडकावर चालतो. मादी गाईसारखं दूध पाजते. "जन्मभर खाऱ्या पाण्यात, बाबा. जास्तीचं मीठ त्याची किडनी बाहेर टाकते."

"काय किडनी असन रे बाप्पा!" बाबांना त्या जनावराचा चक्क हेवा वाटला.

संध्याकाळी न्हाणीत बेडूक निघाला. खरबरीत अंगाचा, मुठीत मावेल एवढा. आमच्याकडे बेडूक घरात शिरला की त्याच्यावर मीठ फेकतात. आईनं लपवलेला डबा काढला, मूठ भरली. बाबा त्या मुठीकडेच बघत होते.

"थांब आई," मी म्हणालो. "तो तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. मीठ पडलं की अंगातलं पाणी ओढलं जातं. मरतो बिचारा."

"अन् तो शेर?" बाबा म्हणाले.

"त्याला काही होत नाही. त्याचं शरीर वेगळं, याचं वेगळं."

बाबा उंबऱ्यावर टेकले. बेडकाचा गळा भराभर वरखाली होत होता. बराच वेळ ते बघत राहिले.

"ठेव ते मीठ," ते आईला म्हणाले. "त्याले नाई झेपत." मग खराट्यानं हळूच लोटत त्यांनीच तो बाहेर केळीखाली सोडला.

जेवायला अळणी वरण-भात. पहिल्या घासाला बाबांनी तोंड वाकडं केलं, पण ताट सरकवलं नाही. आई डबा लपवायला उठली.

"राहू दे तिथीच," बाबा म्हणाले. "मी काय समुद्रातला शेर आहो? भात वाढ अजून."

आईनं वाढला. घाईत थोडा ताटाबाहेर सांडला.