खालच्या वाडीचा पहारा

काशिनाथबुवांचा उजवा हात वर गेला की माणसं गप्प होत. हायस्कुलात ते शिपाई होते आणि घंटा त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी टोल दिला की गणिताचे मास्तरसुद्धा अर्धं उदाहरण फळ्यावर सोडून खडू खाली ठेवत. जन्मभर घंटा वाजवणाऱ्याला हळूहळू वाटू लागतं की आपण थांबवल्याशिवाय काही थांबत नाही. बुवांना तसं वाटत होतं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही.

मसुऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव. त्यातल्या खालच्या वाडीचं रवळनाथ प्रासादिक भजन मंडळ बुवांच्या वडिलांनी उभं केलेलं. दर सोमवारी दिवेलागणीला देवळात भजन होई. पेटी बुवांच्या पुढ्यात असे आणि शिस्त एकच: बुवांनी म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. ओळ खाली पडायच्या आत कोरसाने ती उचलायची, त्याला झेलणं म्हणतात. कुणी सूर जास्त ताणला की बुवांचा हात वर. कुणी आपल्या मनाची हरकत घेतली की हात वर. हात वर गेला की भजन जिथल्या तिथे थांबे आणि चुकलेला माणूस मान खाली घाली. बुवा स्वतः मात्र कुणाचं कधी झेलत नसत. बुवांनी झेलायचं म्हणजे काय, हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

मग पंच्याऐंशीच्या शिमग्याला बाबूने टेपरेकॉर्डर आणला. बाबू जवळच्याच काजूच्या कारखान्यात कामाला, गळा गोड, बुवांचा शेजारी. दोन घरांमध्ये नुसतं कुडाचं कुंपण, त्यामुळे सिनेमातलं एक गाणं महिनाभर सकाळ-संध्याकाळ बुवांच्या ओटीवर येऊन बसू लागलं. आनंदी, म्हणजे बुवांची बायको, नारळ खवताना ते गुणगुणू लागली. बुवांनी हात वर केला. ती म्हणाली, इथे काय भजन चाललंय का? आणि खवणीवर पुढची ओळ म्हणून टाकली.

पुढच्या सोमवारी बाबूने देवळात गजर धरला तो नेमका त्याच चालीवर. शब्द देवाचे, चाल सिनेमाची. पखवाजावर सत्यवान होता. सत्यवान चिऱ्याचा गवंडी, लहानपणी बुवांच्या मांडीला मांडी लावून बोल शिकलेला. बुवांना पोरबाळ नव्हतं आणि सत्यवानाला बाप नव्हता, तेव्हा ते काय नातं होतं हे वाडीला सांगावं लागत नसे. त्या चालीवर त्याचा हात असा काही पडला की पायऱ्यांवर विड्या ओढणारी माणसं आत येऊन बसली.

बुवांचा हात वर गेला. बाबू थांबला. सत्यवान थांबला नाही, दोन आवर्तनं तसाच वाजवत राहिला. मग बुवांनी पेटीचा भाता धाडकन मिटला आणि म्हणाले, "देवळात सिनेमा नको. ज्याका होयो त्याने भायर जावचा."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी मळलेली कणीक लावतात, त्याशिवाय घुमारा येत नाही. भजन संपल्यावर ती खरवडून काढायची असते. सत्यवानाने भजन मध्यावर असताना नखाने ती कणीक खरवडायला घेतली. सगळे बघत होते. त्याने गोळा केळीच्या पानावर ठेवला, पखवाजावर फडकं घातलं, देवाला नमस्कार केला आणि बाबूच्या मागोमाग बाहेर पडला. बुवांना वाटलं, येईल सोमवारी.

सोमवारी तो आला नाही. त्याच्यानंतर एकेक करून बाकीचेही गळाले. कुणाला शेतात काम निघालं, कुणाची कंबर धरली. महिन्याभरात व्हाळापलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला, बाबूच्या मामाच्या घरापुढच्या खळ्यात नवं मंडळ सुरू झालं. जुन्या मंडळात बुवांच्या जोडीला फक्त झांजवाला विश्राम राहिला. त्याच्या निष्ठेचं बुवा चारचौघांत कौतुक करत. खरी गोष्ट अशी की विश्रामाला ऐकू कमी येई, आणि भांडण झालं होतं हेच त्याला ज्येष्ठात समजलं.

हे सगळं असंच रेटत राहिलं असतं, पण श्रावणात सप्ताह आला. सात दिवस देवळात नाम अखंड चालतं. वाडीवाडीला पहारे वाटून दिलेले असतात, आणि खालच्या वाडीचा पहारा दुपारचा, जेवणं झाल्यावर डोळे मिटायला लागतात तेव्हाचा. पहाऱ्याला एकाने विणा गळ्यात घालून उभं राहायचं आणि नाम म्हणायचं, दुसऱ्यांनी ते झेलायचं. विणा जमिनीला टेकवायची नाही. विणेकऱ्याने एकदा ती गळ्यात घातली की नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, पाणीसुद्धा मागायचं नाही. आणि पहारा ज्या वाडीचा, तिच्या मंडळाच्या बुवाने बोलावल्याशिवाय मंडळाबाहेरच्या कुणी मध्ये साथीला बसायचं नाही. नामाला खंड पडला तर त्या वाडीचा पहारा गेला तो कायमचा.

गावचे मानकरी भाई आदल्या दिवशी बुवांच्या ओटीवर येऊन बसले. "काशिनाथा, माणसा जमव," ते म्हणाले. "खंड पडलो तर पहारो वरच्या वाडीक जातलो. मगे माका बोल लावू नको." एकदा सत्यवानाला हाक मार, असंही त्यांनी सुचवून बघितलं. बुवा म्हणाले, "माझ्या बापाशीन चालवल्यान, मी चालवतलंय." भाई गेल्यावर आनंदी आतून बाहेर आली. "सगळ्यांका गप केल्यावर देव तुमचाच तेवढा आयकतलो?" तिने विचारलं. बुवांनी हात वर केला, पण तिला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवांनी विणा गळ्यात घातली. शेजारी विश्राम झांज घेऊन बसला. समईजवळ पखवाज फडक्याखाली पडून होता. 'जय जय राम कृष्ण हरी', बुवांनी धीम्या चालीत सुरू केलं. विश्रामाने झेललं, पण ओठ बघून झेलायची त्याची सवय असल्याने तो नेहमी थोडा मागे असे. बुवांना दर ओळीला त्याच्यासाठी रेंगाळावं लागत होतं.

थोड्या वेळाने पायऱ्यांवर माणसं जमली. सत्यवान, बाबू, व्हाळापलीकडचं सगळं मंडळ. कुणी आत येईना. खांबांना टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले. बुवांना वाटलं, आपला तमाशा बघायला आलेत. त्यांनी आवाज चढवला आणि तिथेच चुकले, कारण हायस्कुलात पोरांवर ओरडून ओरडून कमावलेला तो आवाज ओरडण्यासाठी होता, प्रहरभर टिकण्यासाठी नव्हता. घसा खरखरू लागला. विश्रामाची मान एकदा पुढे गेली, झांज मांडीवर आली, आणि ती ओळ बुवांना स्वतःच म्हणून स्वतःच झेलावी लागली. सभामंडपात चुळबुळ झाली. भाई उठून बसले. बुवांनी पायाने विश्रामाला ढोसलं.

तेवढ्यात आनंदी आली. तिच्या हातात केळीच्या पानात मळलेल्या कणकेचा गोळा होता. ती कुणाकडे न बघता समईपर्यंत गेली, पखवाजावरचं फडकं काढलं, गोळा शेजारी ठेवला आणि बायकांत जाऊन बसली.

आता सगळ्यांची नजर त्या गोळ्यावर. बुवांनी सत्यवानाकडे पाहिलं. सत्यवानाची बोटं घडीत आवळलेली होती. तो का येत नाही हे बुवांना पहिल्यांदाच नीट समजलं. तो तमाशा बघायला आला नव्हता. वाडीचा पहारा जाऊ नये म्हणून तो जीव मुठीत धरून उभा होता, आणि न बोलावता आत येऊ शकत नव्हता. बोलावणारा माणूस त्या घटकेला एकच होता आणि त्याच्या गळ्यात विणा होती. आदल्या दिवशी तोंड मोकळं होतं, तेव्हा हाक मारली नाही. आता मारावीशी वाटत होती, तर तोंडात नामाशिवाय काही घ्यायची सोय नव्हती. हाताने खूण करावी तर तो हात वर गेला की माणसं थांबतात, येत नाहीत. सगळ्या वाडीला त्यांनीच तसं शिकवलं होतं. बापाने चालवलेली गोष्ट आपल्या हातून जाणार, आणि तीही गर्वापायी, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

विश्राम पुन्हा पेंगला. घसा पार बसत आला होता.

आणि बुवांनी चाल बदलली. नाम तेच, पण चाल ती, महिनाभर ओटीवर येऊन बसलेली, आनंदीच्या खवणीवरची, बाबूची. पहिली ओळ त्यांनी कशीबशी काढली. दुसऱ्या ओळीत सूर चुकला. ऐकलेली चाल आणि गळ्यावर चढलेली चाल यांत फरक असतो. बायकांत कुणीतरी तोंडाला पदर लावला. बुवा लाजेने लाल झाले, पण थांबले नाहीत, डोळे सत्यवानावर ठेवून पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

पायऱ्यांवरून बाबूने दुसरी ओळ बरोबर करून झेलली. ती पडायच्या आत बाकीच्यांनी उचलली. सत्यवान आत येऊन पखवाजाशी बसला आणि घाईघाईने कणीक लावू लागला. त्याच्याकडे बुवांना बघवेना. पखवाज घुमला तसा विश्राम दचकून जागा झाला, ही माणसं कधी आली म्हणून सगळीकडे बघू लागला. पहारा संपेपर्यंत नाम एकदाही खाली पडलं नाही.

वरच्या वाडीच्या माणसाने विणा उतरवून घेतली तेव्हा बुवांचं तोंड मोकळं झालं. सगळे थांबले. बुवांना बोलायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. सत्यवानाने त्यांना पाण्याचा तांब्या दिला, पाया पडला आणि हळू आवाजात म्हणाला, "बुवांनू, पहाऱ्याक दरवर्षी येतलंव. मंडळात नाय." बुवांचा हात सवयीने अर्ध्यापर्यंत उठला. त्यांनी तो तसाच खाली घेतला. सत्यवान मंडळींबरोबर पायऱ्या उतरून गेला. त्या रात्री बुवा जेवले नाहीत, आणि आनंदीने आग्रह केला नाही.

सप्ताहानंतरच्या सोमवारी दिवेलागणीला बुवांनी देवळात जाऊन समई लावली, पेटीवर कापड घातलं आणि विश्रामाला हाताला धरून व्हाळ ओलांडला. मामाच्या खळ्यात भजन रंगात आलं होतं. पेटी बाबूच्या पुढ्यात होती. बुवा चपला काढून कडेला, माणसांच्या मागे बसले आणि एक झांज ओढून घेतली. बाबूने त्यांना पाहिलं आणि त्याचा हात पेटीवर थांबला. सत्यवानानेही हात आखडला. सगळं खळं गप्प झालं, जसं देवळात होई, फक्त या वेळी बुवांनी हात वर केला नव्हता.

बाबू उठून पेटीपुढची जागा मोकळी करू लागला. म्हणाला, बुवांनू, पुढे येवा.

"बस रे," बुवा म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. "तू म्हण. मी झेलतंय."

असं रवळनाथ प्रासादिक भजन मंडळ सोडणारा शेवटचा माणूस खुद्द काशिनाथबुवाच ठरला. बाबूने ओळ सोडली. बुवांनी ती झेलली, थोडी उशिरा, विश्रामाच्याही मागून, कारण झेलायची त्यांना सवय नव्हती.