वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरच्यांनी एका महिन्यात माझी उंची सहा इंचांनी वाढवली, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो.

त्याआधी मी पाच फूट तीन इंच होतो. (त्यानंतरही तेवढाच राहिलो, पण हे घरच्यांच्या लक्षात यायला उशीर झाला.) मालवणातल्या एका शाळेत मी गणित शिकवत होतो आणि जवळच्या कट्टा गावच्या सुलभावर माझा जीव जडला होता. तीही शाळेत शिकवायची. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, पण तिचे वडील तात्या माझ्याकडे बघून नुसतेच 'हं' म्हणाले. मागाहून निरोप आला, "झिल बरो आसा, पण अंगात दम दिसणा नाय." (झिल म्हणजे मुलगा, म्हणजे मी.)

मी चार दिवस जेवलो नाही. (दम आणखी कमी झाला.) पाचव्या दिवशी कळलं की महिन्याभराने सायकल शर्यत ठरली आहे. मालवण ते कट्टा आणि परत. कोणी अर्ध्या वाटेतून मागे फिरू नये म्हणून कट्ट्याच्या तिठ्यावर प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारायचा. आणि शिक्का मारणार कोण? तात्या! मी धावत जाऊन नाव दिलं.

आता प्रश्न सायकलीचा. देवाने माणसं नाना मापांची केली, पण आमच्या बाजारात काळ्या सायकलीची फ्रेम दोनच मापांत मिळायची, बावीस आणि चोवीस इंच. तुम्ही बसलात तर बसलात, नाहीतर दांडीखालून पाय घालून मारा. मी मात्र एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं होतं की परदेशात गल्लीबोळांत फ्रेम बांधणारे कारागीर असत. ते गिऱ्हाइकाचे पाय मोजत, हात मोजत, मग पोलादाच्या नळ्या कापून पितळेने जोडत. पुढे कारखाने आले आणि फ्रेमा ठरावीक मापांत निघू लागल्या. तरी शर्यती जिंकणारे बेटे गुपचूप त्याच कारागिरांकडून फ्रेम बांधून घेत आणि वर रंग लावत कंपनीचा! हा सगळा इतिहास मी आयेला सांगितला. तिने तांदूळ निवडता निवडता निकाल दिला.

"म्हणजे शिंपीच तो!"

"शिंपी कसो गो आये? पोलादाचा काम ता!"

"माप घेता मा? कापता मा? जोडता मा? मगे शिंपीच!"

मी हसलो. तिथेच चुकलो.

तशीच मापाची फ्रेम बांधून घ्यायचं ठरवून मी माझ्या ताडमाड मामाला कळवलं; तो बोटीवर होता. त्याने इटलीहून पोलादी नळ्यांचा जुडगा आणला आणि गोव्याच्या बंदरात उतरून तो एस.टी.ने निघाला. गोव्याच्या हद्दीवर, इन्सुलीच्या नाक्यावर, चोरटी दारू पकडणाऱ्या साहेबांनी प्रत्येक नळीला नाक लावलं. "यात दारू नाही?" त्यांनी विचारलं. मामा नाही म्हणाला, तेव्हा मामापेक्षा साहेबच जास्त खट्टू झाले म्हणे.

आरोंद्याचा पास्कू मिस्त्री पूर्वी मुंबईत शर्यतीच्या फ्रेमा जोडायचा. नळ्या घेऊन अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्याकडे जाणार होते. माप पाठवायचं म्हणून मी आमच्या भिकाजी शिंप्याकडून पायाची लांबी मोजून घेतली. त्याने चिठ्ठी लिहून परस्पर अण्णांकडे दिली. मी वाचलीसुद्धा नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी अण्णा एस.टी.च्या टपावरून फ्रेम उतरवू लागले. मला वाटलं, कोणाच्या तरी कंपाउंडचं गेट आलं! सायकलवाल्याने चाकं बसवली आणि मी शेजारी उभा राहिलो, तर दांडी माझ्या बरगड्यांना लागली.

अंगणातच चौकशी बसली. पहिला आरोपी भिकाजी.

"एक इंच ज्यादा धरलंय. धुतल्यार आटता."

"पोलाद आटता?"

"तुज्या पयल्या चड्डीपासून धरतंय मी! आजच बरो बोलतंस?"

दुसरी आरोपी आये. "दोन इंच मी सांगलंय तेका. वाढत्या अंगाचा कर म्हणान."

"आये, मी सव्वीस वर्सांचो आसंय!"

"मगे काय झाला? लग्नानंतर झिलगे सुधारतत."

तिसरे आरोपी अण्णा. "नळी परदेशातली, आणि तो पास्कू कापूक बसलेलो! मी म्हटलंय, तीन इंच रवांदे. फुकट कित्याक घालवतंस?"

"आणि पास्कूक काय वाटला नाय?"

"तेका वाटला, सायकल तुज्या मामासाठी आसा."

एक अधिक दोन अधिक तीन. माझ्या घरात कोणाचीही बेरीज आजवर इतकी बिनचूक आली नव्हती.

पण माघार घेतली तर सुलभा गेली! सकाळी शर्यत सुटायच्या जागी मी गडग्यावर, म्हणजे चिऱ्याच्या कुंपणावर, चढलो आणि तिथून सायकलवर बसलो. हॅण्डलला हात पोचवायला पोटावर झोपावं लागलं, आणि पायडल खाली गेलं की बोटं कशीबशी टेकत. बघणारे म्हणाले, "काय ष्टाईल आसा रे!" शिट्टी झाली, अण्णांनी मागून ढकललं आणि मी निघालो.

खरं सांगतो, सायकल वाऱ्यासारखी पळत होती. पास्कूच्या जोडकामाला तोड नव्हती. वाटेतल्या चौके गावात बाकीचे कोकम सरबताला थांबले. मी थांबलो नाही, कारण पाय टेकणार कुठे? ब्रेक दाबला की मी आडवाच होणार! अशा शिस्तीमुळे मी कट्ट्याला चक्क पहिला पोचलो.

तिठ्यावर टेबल, टेबलावर शाईचा पॅड, पॅडमागे तात्या. बाजूच्या शाळेच्या दारात सुलभा.

"थांबा!" तात्या अधिकाराने म्हणाले.

"थांबाक येणा नाय!"

मी टेबलाला वळसा घातला. तात्या शिक्का उगारून मागे धावले. दुसऱ्या फेरीत त्यांनी शिक्का सीटवर मारला, तिसऱ्या फेरीत माझ्या पाठीवर.

"हातार होयो, हातार!" पंच ओरडले.

"हात सोडलंय तर पडतलंय!" मी ओरडलो.

एकेक स्पर्धक आला, पंचांकडच्या दुसऱ्या शिक्क्याचा ठसा आयता घेऊन परत गेला. तात्या मात्र हट्टाला पेटले होते. सातव्या फेरीला ते मटकन रस्त्यात बसले आणि धापा टाकत म्हणाले, "ह्येच्या अंगात दम नाय म्हणान खंयच्या गाढवान सांगल्यान?"

ते तिठ्यावर सगळ्यांना माहीत होतं.

इतक्यात सुलभा शाळेतलं बाकडं ओढत रस्त्यात आली. कोणालाच सुचलं नव्हतं ते तिला सुचलं! मी बाकड्यावर पाय टेकला. थांबलो. जन्मात एवढं सुख झालं नव्हतं.

"उतराक येणा नाय, मगे चढलात कित्याक?" तिने विचारलं.

"तुज्या वडलांका दम दाखवूक."

ती हसली. तात्यांनी बसल्या जागेवरून माझ्या हातावर शिक्का मारला.

मी शेवटचा आलो. मालवणात बाकडं नव्हतं, म्हणून फीत ओलांडून बाजारातून सरळ बंदरावर गेलो आणि वाळूत रुतल्यावरच सुटलो. पण लग्न ठरलं! तात्यांनी भांड्यांसोबत एक सागवानी बाकडं दिलं. "जावयाक उतराक होया," म्हणाले.

सायकल आजही पडवीत टांगलेली आहे, आणि आयेचं भाकीत खरं ठरलं आहे. लग्नानंतर माझं अंग वाढलं. फक्त पास्कूच्या फ्रेमला हवं होतं त्या दिशेने नाही. गेल्या महिन्यात मी बसलो आणि तात्यांचं बाकडं मधोमध मोडलं. सुलभाने सुताराला बोलावलं, नव्या बाकड्याचं माप सांगितलं, मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली,

"जरा वाढत्या अंगाचाच कर."